सहावीची हजेरी आणि मावशीचा रेडिओ

शेजारच्या मावशीचा रेडिओ माझ्यामुळे किंचाळत होता आणि दोष मी तिच्या जावयावर ढकलला. हे आधीच सांगून टाकतो.

मी तेव्हा सौसरला शिक्षक होतो. शाळेने मोडीत काढलेला एक संगणक मी घरी आणला होता. समोरच्या मित्राकडे त्याच्या मामाने दिलेला तसलाच दुसरा. त्यांच्या फायली कॅसेटवर असायच्या. कॅसेट वाजवली की कर्कश आवाज यायचा आणि तो आवाज ऐकून दुसरा संगणक फाईल उतरवून घ्यायचा. कॅसेट खिशात टाकून गल्ली ओलांडायला दहा पावलं पुरली असती. पण आम्हाला फाईल बिनतारी पाठवायची होती. मी घरीच छोटा ट्रान्समीटर जुळवला. मित्राने आवाज रेडिओवर पकडून वायरने संगणकाला द्यायचा. परवाना लागतो हे मला ठाऊक होतं, तेही कबूल.

आठवडाभर रोज संध्याकाळी मी सहावीची हजेरी पाठवली. मित्राकडे ती एकदाही धड पोचली नाही. मावशीकडे रोज पोचायची, नेमकी शेतीच्या कार्यक्रमात.

तिचा जावई पांढुर्ण्याला रेडिओ दुरुस्त करायचा. मावशी रेडिओ मांडीवर घेऊन बसने गेली. जावयाने एक पार्ट बदलला. दुकानात रेडिओ छान वाजला, घरी येऊन पुन्हा किंचाळला. तिने मला विचारलं. मी घाबरून म्हणालो, जुना पार्ट टाकला असेल.

"सासूले जुना पार्ट? मंग खाय म्हणा अनारसे."

अधिक महिना चालू होता. जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं असतं. मावशीने निरोपच धाडला नाही. महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा तिची लेक येऊन रडून गेली. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं. अनारशांचे तांदूळच तीन दिवस भिजतात. मी उठलो आणि मावशीला खरं सांगितलं.

मावशी म्हणाली, "म्हंजे पोट्ट्याइची हजेरी माह्या रेडूत घेऊन राहिले होते तुमी, मास्तर?"

तिने तांदूळ भिजत घातले आणि मला घेऊन पांढुर्ण्याची बस पकडली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी हात जोडून पुटपुटलो.

"मोठ्यानं बोला," मावशी म्हणाली. "त्याइले ऐकू येऊन नाही राहिलं."

"जावईबापू, पार्ट नवाच होता," मी मोठ्याने म्हणालो. "बिघाड माझ्या घरात होता आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा. आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी अनारसे खायला या."