सगुणाचा हेल

"रडायला शिकवावं लागत नाय गो बाय, माणूस गेला की गळ्याला आपसूक येतं," असं सगुणा एकदा म्हणाली होती.

लांज्याजवळच्या तिच्या वाडीत कुणी गेलं, की बायका प्रेताशेजारी हेल काढून रडत. गेलेल्याला हाका मारायच्या, त्याचे कष्ट, त्याच्या खोड्या सुरात सांगायच्या. सगुणाने हेल काढला की अंगणातले बापयेही डोळे पुसत.

मागच्या वर्षी तिचा नवरा शिवा गेला. पुतण्या गौरव कोकणातल्या चालीरीतींचं चॅनल चालवायचा. त्याने तिचा हेल मोबाइलवर घेतला आणि टाकला. "आता माशाच्या डोक्यासाठी माझ्याशी भांडणार कोण वो?" एवढंच कुणीतरी त्यातून कापलं आणि त्याखाली ढोलकी लावली. ते वरातीतही वाजू लागलं. लांज्याच्या स्टँडवर एक पोरगी त्यावर नाचत होती. शेजारच्या बाकावर सगुणा एसटीची वाट बघत होती.

"आजी, जरा सरका ना, फ्रेममध्ये येताय," पोरगी म्हणाली.

सगुणा सरकली. मग गौरवकडे गेली.

"काढून टाक रे बाबा ते."

"माझ्या हातात कुठे राहिलंय, काकी? लोकांनी कधीच उचललं. आणि काका बघ, मेल्यावर फेमस झाला. पुढच्या वेळी आधी सांग हां, चांगला माइक आणतो."

"पुढच्या वेळी म्हणजे कोण रे?"

गौरव मोबाइलमध्ये बघत होता.

पालीला दिलेली धाकटी बहीण तुळसा वारली. आईमागे सगुणानेच तिला वाढवलं होतं. आता तिला द्यायला एक हेलच उरला होता. एसटीत ती तो मनात जुळवत राहिली: काजूच्या बिया भाजताना दोघींची बोटं पोळली होती, तिथून सुरुवात करायची.

ती प्रेताशी बसली आणि घर एकदम गप्प झालं. ही शांतता तुळसासाठी नव्हती. चार-पाच मोबाइल वर आले.

"मावशी, जरा इकडे तोंड करा," तुळसाची सून संस्कृती हळूच म्हणाली, "मुंबईची माणसं व्हिडिओ कॉलवर आहेत."

मागे कुणाला तरी हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात दडपलं.

"तुळसे गो…" सगुणाने हाक मारली. आणि स्वतःच्याच हाकेखाली तिला ढोलकी ऐकू आली.

तिने तोंड मिटलं. बहिणीच्या गालावरची माशी उडवली. मग उठली, पदर आवळला आणि माणसांतून वाट काढत बाहेर पडली.