शरदिनीताईंची इंग्रजी संथा

दुर्गाघाटाच्या गल्लीत इंग्रजीची संथा चालते, असं साताऱ्याच्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, बकुळ, तुझं डोकं फिरलंय. बँकेने बदली करून मला काशीत पाठवलं आणि मी शरदिनीताईंच्या माडीवर भाड्याने राहायला आले. रोज संध्याकाळी खालून तो घोष कानावर येऊ लागला, तेव्हा आधी मलाही ताईंबद्दल असंच वाटलं होतं.

ताई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे वडील ढुंढिराजशास्त्री, म्हणजे घरातले तात्या, यांनी जन्मभर वेद शिकवला. त्या शिकवण्याची, म्हणजे संथेची, रीत ठरलेली: गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. ताईंनी लहानपणापासून हीच रीत पाहिलेली. त्या म्हणत, "लुक फॉर." समोरच्या मुली म्हणत, "लुक फॉर, लुक फॉर." मग 'लुक आफ्टर', मग 'लुक डाउन ऑन'. हॉटेलांत रिसेप्शनला लागू पाहणाऱ्या त्या मुलींना नियम हवा असायचा. नियम नाही ग, ताई समजावत; शोधणं, सांभाळणं, तुच्छ लेखणं, तिन्हीत बघणं तेच, शेपूट तेवढं वेगळं. संस्कृतात आहार, विहार, प्रहार होतातच की, तिथे पुढे जोडतात, इथे मागे.

तात्यांना ही सगळी थेरं वाटत. वेदाची रीत इंग्रजीला लावली म्हणून ते कुरकुरत. पण एखादी मुलगी एकदाच म्हणून थांबली की आतल्या खोलीतून ओरडतही तेच, की दोनदा म्हण.

मग तात्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येऊ शकतो, जे तोंडपाठ असेल ते म्हणवून घ्या. तात्यांना वेदाहून अधिक काय पाठ असणार? त्यांचे जुने शिष्य येऊन उशाशी बसत, एखादी ऋचा म्हणत आणि वाट बघत. तात्या ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवत. ताई रोज सकाळी हात जोडून विनवत, एवढी एक ओळ म्हणा. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, शब्द नाही. शास्त्रीबुवांची विद्या गेली, असं शिष्य जिन्यात कुजबुजले. मला त्यांचा असा राग आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ताईंना विद्येचं काही पडलं नव्हतं. तात्यांनी एकदा बोलावं, शिव्या दिल्या तरी चालतील, एवढंच त्यांना हवं होतं.

शिकवणी बंदच होती. पण मुलींच्या मुलाखती जवळ आल्या, आणि तात्यांना एकटं ठेवता येईना, म्हणून ताईंनी त्यांच्याच खोलीत ती पुन्हा सुरू केली. मीही दारात बसायची. एका संध्याकाळी ताई म्हणाल्या, "पुट ऑन." मुलींनी दोनदा म्हटलं. त्यांच्यामागून एक जाड, अडखळता आवाज आला: "पु... आन. पु... आन."

कोणी मागे वळून पाहिलं नाही. ताईंनी पुढचं क्रियापद घेतलं. मी मात्र पदराने डोळे पुसत होते.

तात्या रोज मुलींबरोबर म्हणू लागले. उच्चारांची पार वाट लागायची, पण दोनदा म्हणायचेच. हळूहळू पाणी, ऊन, बस, असं मराठीही सुटं सुटं येऊ लागलं. माझ्या जिभेला हाड नाही. मी एकदा विचारलंच, की तात्या, इंग्रजी येतं, मग वेद का नाही? ताईंनी मला गप्प राहायची खूण केली.

तात्या बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "स्वर... गलत झाला असता," ते म्हणाले. "जन्मभर... जपलं. माझ्याच तोंडाने... बिघडवू? हिचं इंग्रजी... मोडलं तरी पाप नाही."

म्हणजे काहीच गेलं नव्हतं. सगळं आत शाबूत होतं, आणि आपण रोज सकाळी वडिलांचा छळ करत होतो, हे ताईंना त्या क्षणी कळलं. त्या तात्यांचे पाय धरून रडल्या.

आता सकाळी त्या त्यांच्याजवळ नुसत्या बसतात. तात्यांचे ओठ मिटलेले असतात, वेद मनातल्या मनात चालतो, डाव्या हाताचं बोट तेवढं स्वराबरोबर वरखाली होतं. परवा मी चहा घेऊन गेले, तर ते बोट मध्येच अडलं. तात्यांनी घाबरून डोळे उघडले. पुढचं आठवत नव्हतं.

ताईंनी क्षणभर दाराकडे पाहिलं आणि बोट जिथे अडलं होतं तिथून हलकेच पुढची ओळ म्हटली. मुलगी म्हणून या घरात त्यांना कोणी कधी वेद शिकवला नव्हता.

तात्या एकटक बघत राहिले. "कधी... शिकलीस?"

"तुम्ही शिष्यांना शिकवत होता, तेव्हा मी घरातच होते ना, तात्या."

तात्यांनी डोळे मिटले, बोट पुन्हा उचललं आणि म्हणाले, "स्वर... बरोबर आहे. पुढचं... म्हण."