व्याही आणि माझ्या घोडीची उचकी

माझ्याशी घासाघीस करून जिंकणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. घासाघीस न करताच जिंकणारा मात्र एक आहे, आणि दुर्दैवाने तो माझ्या मुलीचा सासरा आहे. उंब्रजला हायवेच्या कडेला जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा मी शून्यातून उभा केला. माझा आवाज चढला की बंद पडलेला ट्रॅक्टरही सुरू होतो, असं गिऱ्हाइकं म्हणतात. पण व्याह्यांपुढे तो चढवायची सोय नाही. ते वडूजचे, निवृत्त रिसालदार, उभी हयात फौजेच्या घोड्यांत गेलेली. त्यामुळे माणसांशी बोलायची सवय सुटली असावी. लग्नाच्या बैठकीला मी मानपानावर भांडायचं म्हणून रात्रभर तयारी करून गेलो होतो. हे म्हणाले, "आमाला काय नको. सूनबाईला घोड्यावर बसायला शिकवीन, चालंल का?" मी भांडायला मुद्दा शोधेपर्यंत त्यांचा चहा पिऊन झाला होता.

त्यांना मोजायचं वेड आहे. कान मंदावलेत, म्हणून डॉक्टरांच्या नळीवर विश्वास नाही. तळहात ठेवायचा आणि ठोके मोजायचे. घोडा, बैल, आजारी शेजारी, कुणीही चालतं. एकदा मी एका गिऱ्हाइकावर तापलो असताना त्यांनी मागून येऊन माझं मनगट धरलं. मला वाटलं, समजूत घालताहेत. अर्ध्या मिनिटाने हात सोडून म्हणाले, "एकशेबारा. घोडा असता तर शर्यतीतनं भाईर काढला असता." गिऱ्हाईक हसत निघून गेलं. तो ट्रॅक्टर अजून माझ्या दारात उभा आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. साठ किलोमीटरच्या शर्यतीत सुनेला उतरवायचं त्यांच्या मनात आलं आणि त्यासाठी घोडी कुणाची, तर माझी. मी हौसेने पाळलेली, लाल, कपाळावर टिळा असलेली. व्याही सुनेला घेऊन एसटीने दोन दिवसांआड येत, ती घोडी फिरवी, हे कट्ट्यावर बसत आणि मला माझ्याच गोठ्यात हुकूम सोडत. शर्यतीला आठ दिवस राहिले तेव्हा फर्मान निघालं, "लसूणघास बंद. नुसतं वाळलं गवत." माझ्या मळ्यात गुडघाभर हिरवागार लसूणघास उभा होता. शेतात त्याहून देखणं काही नव्हतं, मालक धरून.

"आवं रिसालदार, कुस्तीच्या तोंडावर पैलवानाचा खुराक कुणी तोडतं का?"

"पैलवानाचं पैलवानाला. घासात चुना लय. हाडं म्हंजे कोठार हाय, पाव्हणं. रोज दारात आयतं आलं की अंग कोठार उघडायचं इसरतं. मग शर्यतीत घामावाटं चुना गेला, की ऐनवेळी कुलूप निघत न्हाई."

आता चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं, कोठार आणि त्याचं कुलूप या गोष्टी ऐकून घेण्याइतका मी रिकामा नव्हतो. व्याह्यांची पाठ वळली की मी रोज एक भारा घास टाकू लागलो. वर म्हशींसाठी आणलेल्या कॅल्शियमच्या कॅनमधला मोठा पेला. घोडी मिटक्या मारी. निदान या घरात कुणाला तरी माझी किंमत होती.

शर्यत खंडाळ्याच्या बाजूला होती. वीस-वीस किलोमीटरच्या तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर घोडा डॉक्टरांनी पास केला तरच पुढे. पहिल्या फेरीला आमची घोडी दुसरी आली. तिथे व्याह्यांनी पिशवीतून काय काढून तिच्यापुढे धरावं? लसूणघास. आठ दिवस माझा घास विष, आणि यांच्या पिशवीतला अमृत. "आता घाम गेलाय, चालतंय," एवढंच म्हणाले. मी पंचांकडे तक्रार करण्याच्या बेतात होतो.

दुसऱ्या फेरीलाही घोडी दुसरीच आली, पण मुलगी उतरली ती चेहरा उतरवूनच. सासऱ्यांना म्हणाली, "मामा, हिला उचकी लागल्यावानी करतंय. मांडीला धक्के बसतात." व्याह्यांनी एक तळहात छातीवर ठेवला, दुसरा मागच्या कुशीवर. ऊन रणरणत होतं. प्रत्येक ठोक्याला कूस उडत होती, आतून कुणी दार ठोकावं तशी.

डॉक्टर नळी लावून म्हणाले, "रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. शर्यत संपली हिची. आधी लसूणघास, कॅल्शियम वगैरे चालू होतं का?"

मुलगी व्याह्यांकडे पाहू लागली. मी टाचेने जमीन उकरू लागलो.

"व्हय," व्याही म्हणाले. "माज्या हातनं झालं."

माझी मुलगी चाळीस किलोमीटर घोडी राखून आली होती, आणि हरली ती माझ्या भाऱ्यामुळे. शिव्या खाल्ल्या मात्र व्याह्यांनी. डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांसमोर धुतलं, "फौजेत हेच शिकलात का?" म्हणून. शिरेतून औषध थेंब-थेंब सोडत होते, नळी छातीवरून न हलवता. घाई केली तर काळीजच थांबतं म्हणाले. व्याही कुशीवर हात ठेवून पुटपुटत मोजत होते. बऱ्याच वेळाने कूस शांत झाली.

टेम्पोत घोडी चढवताना आम्ही दोघेच होतो. मी तयारीत होतो. ते बोलले असते तर मी दुप्पट बोललो असतो. ते म्हणाले, "पाव्हणं, म्हशीला कॅल्शियम कवा पाजता? व्यायच्या आदी का व्याल्यावर?"

"व्याल्यावर. आधी पाजलं तर व्याली की अंगातला चुना उतरून म्हैस बसते."

"मग?"

बस्स. त्यानंतर या विषयावर एक अक्षर नाही, आजतागायत. सुनेलाही सांगितलेलं नाही. हाच माझा त्यांच्यावरचा राग आहे. चारचौघांत माझं माप काढलं असतं तर हिशेब मिटला असता.

आता त्यांचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत. परवा पुन्हा शर्यत आहे, मुलगी माहेरी येऊन घोडी फिरवून आणते, आणि वडूजहून रोज फोन येतो.

"घास बंद केला का?"

"आठ दिवस झाले," मी ओरडतो.

"फोन तिच्या कुशीला लावा."

या माणसाला आता समोर उभं राहून हाक मारली तरी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. तरी मी फोन घोडीच्या कुशीला लावून उभा राहतो. दुसरा तळहात तिच्या छातीवर ठेवतो, आणि पलीकडे ते न ऐकता मोजत असतात तोवर मी इकडे मोजतो. मग फोन कानाला लावून आकडा ओरडून सांगतो.

"व्हय," ते म्हणतात. "मलाबी तेवढंच आलं."