समुद्रावर डूख धरलेले चाचा

नसरापुरात रागीट माणसांची वानवा कधीच नव्हती, पण अख्ख्या अरबी समुद्रावर डूख धरून बसलेला माणूस एकच : आमचे शेजारचे चाचा. परदेशी जाणाऱ्या यंत्रांसाठी ते लाकडी खोकी बनवत. कुणी कोकणच्या सहलीतून शंखशिंपले आणले तर "ती घाण माज्या दारात नगं" म्हणून खेकसत. चाचींनी एकदा सुकट केली, तर ताट सारून उठले. "हितनं घाट उतारला की खाली कोकन, फुडं लगीच समिंदर," खिळे ठोकत ते ओरडत, "आन माजी खोकी आदी पुन्याला, मग खंडाळा उतरून बंदराला! कावळ्याला जवळ, ट्रकला लांब. असला कसला समिंदर?"

हा राग पोकळ नव्हता. दोन हजार सालच्या सुमारास एक कंपनी कामथडीला जागा बघायला आली, तेव्हा चाचांनी नमुन्याचं खोकं रंधा मारमारून आरशासारखं करून नेलं होतं. साहेबांनी जमीन, पाणी, वीज बघून मान डोलावली आणि शेवटी विचारलं, "कंटेनर वरंध्याच्या घाटातून उतरेल?" सरपंच काही बोलायच्या आत चाचाच म्हणाले, "न्हाई उतरायचा. खोटं कशाला सांगू?" कंपनी गेली ती थेट बंदराजवळ. सरपंच चाचांवर भडकले, तर चाचा त्यांच्यावर दुप्पट : "म्या काय डोंगर आनून ठिवला का हितं?" मलाही संताप आला होता. कंटेनर जाईल असा रस्ता नव्हता तर सरकारनं करायचा होता. आमची शिकलेली पोरं तोवर हायवेवर उसाचा रसच विकत बसणार होती का?

पुढे चाचांच्या मुलीला बंदराशेजारच्या उरणचं स्थळ आलं. मुलगा त्याच कंपनीत नोकरीला. चाचांनी मध्यस्थाला हाकलून दिलं. "कारखाना नेला, आता पोर बी न्यायला आले!" मुलगी दारात येऊन म्हणाली, "अब्बा, मला पसंत हाय." त्यावर ते कितीतरी दिवस खिळ्यांवरच राग काढत राहिले, आणि मग धुसफुसतच निकाह लावून दिला.

पाठवणीची गाडी पुण्याच्या दिशेने निघून गेल्यावर मी चहा घेऊन गेलो. चाचा फळ्यांच्या ढिगावर एकटेच बसले होते. आता समुद्राचा उद्धार होणार म्हणून मी तयारीतच होतो. पण ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिकडची हवा खारी आसती म्हनं. पोरीला मानवंल न्हवं?"

"मानवेल की," मी म्हणालो. मला तरी कुठं ठाऊक होतं!