टाकी बोटीतच भरायची

दादाची लहानशी फायबरची बोट होती, मागे पेट्रोलचं मशीन. मशीनची लाल टाकी सुटी असते. पाइप काढला की उचलून धक्क्यावर नेऊन भरता येते. दादानं ती कधी उचलली नाही. कॅन घेऊन बोटीत चढायचा आणि तिथंच ओतायचा. मी बोलले की म्हणायचा, "इतकी वर्षं भरतोय, काय झालंय काय?"

त्या सकाळी वहिनी आणि मी मासळी घेऊन खाडीपलीकडे चौलच्या बाजाराला निघालो होतो. दादानं टाकी काठोकाठ भरली. बरंच पेट्रोल बोटीच्या तळाशी सांडलं. वासानं डोकं दुखायला लागलं.

"दादा, थांब. पुसून घेऊ, वास जाऊ दे."

"ओहोटी लागलीय. गप बस तू."

त्यानं बटण दाबलं. बॅटरीची सैल वायर तडतडली आणि भप्पकन जाळ उठला. वहिनी टाकीशेजारच्या फळीवर बसली होती. तिची साडी पेटली. मी तिला मिठी मारून पाण्यात उडी घेतली. दादाही उडी मारून सुटला. बोट आमच्या डोळ्यांदेखत जळाली.

दवाखान्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाला दादा सांगत होता, "नशिबात होतं. देवानंच वाचवलं."

माझा तोल सुटला. "नशीब? टाकी उचलायचा तुला कंटाळा, आणि भाजली ही! देवाला कशाला मधे आणतोस?"

पाय बँडेजात गुंडाळलेली वहिनी मलाच म्हणाली, "हळू बोल गं. लोक ऐकतायत." तेव्हा तर मला रडूच आलं, संतापानं. कातडी हिची जळली होती, आणि जपायची होती त्याची अब्रू.

वहिनीची जखम भरली, पण गुडघ्याची कातडी ओढली गेली. आता तिला मांडी घालता येत नाही. बाजारात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मासळी विकते.

पुढे दुसरी बोट आली. पहिल्याच दिवशी दादा कॅन घेऊन बोटीत चढला. मी तोंड उघडणार, तोच धक्क्यावरून वहिनी म्हणाली, "टाकी खाली आणा. इथं भरा, झाकण लावा, सांडलेलं पुसा. मग मी चढेन. न्हायतर न्हाय."

दादानं पाइप काढला. टाकी उचलली, धक्क्यावर ठेवली, वर थोडी जागा सोडून भरली, झाकण आवळलं, फडक्यानं पुसली आणि परत नेऊन पाइप जोडला. आमच्या टोपल्या चढवून होईपर्यंत त्याचं सगळं आटोपलं होतं.

मला बरं वाटायला हवं होतं. पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढंसंच तर काम होतं.