वहिनीचा खांदा

झेंडूची पानं बोटांत चुरगळली की जो उग्र, किंचित कडवट वास येतो, तो मला पूर्वी सणाचा वाटायचा. दसऱ्याच्या आधी माहेरच्या मळ्यात फुलांचे ढीग पडायचे, इंदूवहिनी पदर खोचून त्या ढिगांत बसलेली असायची, आणि जेवायला बसली तरी तिच्या बोटांचा तो वास जायचा नाही. आता तो वास नाकाशी आला की साथीच्या दुसऱ्या वर्षातली चैत्राची पांढरी, डोळे दिपवणारी दुपार आठवते. देवळं बंद होती, लग्नं थांबली होती, फुलं तोडून न्यायची तरी कुठे, म्हणून झेंडू झाडावरच वाळत चालला होता आणि नाशिकला खेटून असलेल्या आमच्या मळ्यावर दिवसभर कुजत्या फुलांचा दर्प तरंगत राहायचा. त्या दिवसांत अण्णा, माझे वडील, गेले. साथीने नव्हे, वयाने. सकाळचा चहा घेतला, ओसरीवरच्या खाटेवर आडवे झाले आणि उठलेच नाहीत. अंबडजवळच्या माझ्या घरून मी पोचले तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवांत होता की रडता रडता मला त्यांचा हेवा वाटला. मेला तो सुटला म्हणतात, तसे अण्णा सुटले. मागे जी माणसं राहिली त्यांचं काय व्हायचं होतं, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे दुःखात भेटण्याची एक रीत आहे. मयताच्या घरी येणाऱ्या बायका बांधावरूनच गळा काढतात, पदर तोंडाला लावून झपाझप अंगणात येतात आणि उंबऱ्यापाशी बसलेल्या घरच्या बाईच्या गळ्यात पडून रडतात. एक बाजूला झाली की दुसरी पुढे होते. घरातल्या थोरल्या सुनेला प्रत्येकीला मिठीत घ्यावं लागतं, प्रत्येकीबरोबर नव्याने रडावं लागतं. लहानपणी मला हे सारं नाटक वाटायचं. पण आई गेली तेव्हा, जिच्याशी माझं कधी धड पटलं नव्हतं अशा एका भावकीतल्या बाईने मला छातीशी धरलं आणि अडून राहिलेलं रडू तिच्या खांद्यावर एकदाचं मोकळं झालं, तेव्हापासून मी या रीतीला हसत नाही. शहाणी माणसं जे बोलून करू शकत नाहीत ते या अडाणी मिठ्या करतात. म्हणूनच पुढे जे घडलं त्याचा राग नेमका कोणावर काढावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रीतीवर तर काढवत नाही.

वहिनीला दमा होता. झेंडूच्या दिवसांत तो बळावायचा, आणि कमरेच्या पिशवीत सुपारीच्या डबीशेजारी तिचा औषधाचा पंप कायम असायचा. अण्णा गेल्यावर मी मळ्यातच राहिले होते. एका संध्याकाळी, पाण्याच्या टाकीशी भांडी विसळता विसळता, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ती मला म्हणाली, "ताई, तेवढं तुमच्या दादाला सांगा ना. दहाव्याला लय माणसं नका बोलवू म्हणावं. मला आताच दम पुरत नाय. मी बोलले तर म्हणतील, सासऱ्याचं करायला जड झालं हिला." एवढं बोलून ती पुन्हा भांड्यांकडे वळली. त्या घरात इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं ते एवढंच.

दादा माझ्याहून बराच मोठा. मनाने मोठा आणि आवाजानेही. गावात कोणाची गाय अडली, कोणाची मोटार जळली, तरी आधी दादाला हाक जाते आणि दादा ताटावरून उठून जातो. अशा माणसाला भीती हा शब्दच शिवीसारखा वाटतो. मी त्याला सगळं सांगितलं. माणसं बोलवायला बंदी आहे, वहिनीचा दमा आहे, अण्णांना हे आवडलं नसतं, सगळं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "नंदा, धोका असंल तर तो माझा हाय ना? माझ्या जिवाचं काय करायचं ते मी बघंल. अण्णाला मी चोरासारखा वाटंला नाय लावणार. ज्याला भ्या वाटतं त्यानं घरी बसावं. तू बी बस."

जिवावर उदार झालेला माणूस पाहिला की आपल्या लोकांचा ऊर भरून येतो. तो कोणाच्या जिवावर उदार झालाय, हे विचारायची मात्र आपल्यात पद्धत नाही. दादा खोटं बोलत नव्हता, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. त्याला खरोखरच वाटत होतं की धोका ही त्याच्या मळ्यासारखी त्याच्या नावावरची वस्तू आहे, तिला बांध आहे, आणि त्या बांधाच्या आत ती तो सांगेल तशी राहील.

दहाव्याला पुरुष गंगेवर जाऊन आले. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तोवर मळ्यात बायका जमू लागल्या होत्या. पोलिसांच्या नजरेत येऊ नयेत म्हणून गाड्या लांब द्राक्षबागेच्या आडोशाला लावल्या होत्या आणि माणसं पायवाटेने येत होती, त्यामुळे त्या शोकाला उगाच काहीतरी पराक्रमाचं तेज चढलं होतं. वहिनी उंबऱ्यापाशी बसली होती. तिने नाकातोंडावर मी दिलेला मास्क लावला होता, वरून पदर. पहिल्यांदा आल्या त्या थोरल्या काकू, अण्णांच्या चुलतभावाची बायको. अंगणातच त्यांना खोकल्याची उबळ आली आणि कोणीतरी पाणी दिलं, तर म्हणाल्या, "उन्हाचा खोकला हाय गं, काय नाय." मग त्यांनी वहिनीच्या गळ्यात हात टाकले, मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाल्या, "मयताच्या घरात तोंड बांधून बसत्यात का, बाई?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले, तोंडाने बोललेही, पण तोवर काकूंचा हंबरडा फुटला होता आणि त्या आवाजात माझा आवाज कोणाला ऐकू जाणार? येणाऱ्या बायकांना मी लांबूनच हात जोडत होते, तर मागून कोणीतरी म्हणालं, "पोटची लेक असून डोळ्याला पाणी नाय." त्यानंतर मास्क वर गेलाच नाही. बायका येत राहिल्या, रडत राहिल्या, आणि त्या उन्हात वहिनीच्या हिरव्या पातळाचा खांदा ओला होऊन काळपट दिसू लागला.

दादाला दोन दिवस कणकण आली आणि गेली. वहिनीला ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत शहरभर फिरावं लागलं, आणि मिळाल्यावर तिचा फारसा उपयोग झाला नाही. ती गेली तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं. जिने अख्ख्या भावकीला मिठीत घेतलं, तिला शेवटी अनोळखी माणसांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं. तिच्या दहाव्याला कोणी आलं नाही. आता सगळ्यांना नियम पाठ झाले होते. थोरल्या काकू बऱ्या झाल्या होत्या. त्यांनी फोनवर हळहळ कळवली.

तोवर मी माझ्या घरी परतले होते, पण त्या दहाव्याला मी गेले. अश्विनी, वहिनीची एकुलती मुलगी, आईपाठोपाठ आजारी पडली होती आणि मागच्या खोलीत एकटी राहत होती. मला पाहताच ती दार उघडून धावली. अंगणाच्या मध्यापर्यंत आली, आणि तिथेच थबकली. तिने हात पुढे केला, थांबवण्यासाठी. "आत्या, तिथंच थांब. माझा रिपोर्ट अजून पॉझिटिव्ह हाय." असं म्हणून ती मटकन खाली बसली आणि स्वतःच्याच गुडघ्यांना मिठी मारून रडली. कॉलेजात शिकणारी पोर. तिच्या बापाला, तिच्या भावकीला जे जमलं नाही ते तिने आई गेल्याच्या दुःखात करून दाखवलं, आणि मला तिचं कौतुक वाटायच्या ऐवजी संताप आला. जबाबदारी काय ती नेहमी त्यांनीच का घ्यायची, ज्यांचं आधीच सगळं गेलेलं असतं?

गावात अजूनही अण्णांच्या दहाव्याचं नाव निघतं. एवढ्या कठीण काळात दादाने बापाचं सगळं रीतसर केलं, मागे हटला नाही, असं लोक म्हणतात. वहिनीच्या मरणाला साथ कारणीभूत धरतात. दादाही तसंच म्हणतो. पण तो पूर्वीच्या आवाजात बोलत नाही आणि झेंडू त्याने पुन्हा लावला नाही. त्याला काय कळलं आणि काय नाही, हे मी विचारलेलं नाही.

यंदा माघात अश्विनीचं लग्न झालं. सासरी निघायच्या वेळी नवरीने एकेकाच्या गळ्यात पडून रडायचं, ही त्याच रीतीची दुसरी बाजू. गाडी फुलांनी सजून उभी होती, संध्याकाळचं ऊन मांडवाच्या कनातीवर तांबूस पडलं होतं. दादा पुढे झाला आणि त्याने हात पसरले. अश्विनी त्याच्यापासून थोड्या अंतरावर थांबली, तिने दोन्ही हात जोडले, खाली वाकून जमिनीला डोकं टेकवलं आणि उठली. कोणीतरी कुजबुजलं, आजकालच्या पोरींना रडूसुद्धा येत नाही. मग ती सरळ माझ्याकडे आली, माझ्या गळ्यात पडली आणि कानाशी म्हणाली, "आत्या, ही त्या दिवशीची राहिली होती."

ती रडत होती, आईसारखी, आवाज न करता. तिच्या खांद्यावरून मला दादा दिसत होता. त्याचे हात अजून अर्धवट पसरलेले होते आणि ते खाली कसे घ्यावेत, हे त्याला कळत नसावं. मला त्याची कीव आली. मी थोडी आधी बाजूला झाले असते तर ती कदाचित वळली असती, त्याच्याकडे गेलीही असती. गाडीवाला हॉर्न वाजवत होता, बायका घाई करत होत्या. मी तिला सोडलं नाही.