ग्लासातली नळी

डहाणू स्टेशनजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर कायम पाण्याचा ग्लास असतो आणि त्यात प्लास्टिकची नळी. मला वाटायचं, काम न सोडता पाणी प्यायची ही त्याची युक्ती.

दुरुस्त झालेल्या टीव्हीवर तो प्राचीन तंत्रज्ञानाची मालिका लावतो आणि पडद्याकडे पाठ करून नुसतं तिचं संगीत ऐकतो. "चित्र कोणीपण बघेल, बाई. आवाज ऐका."

परवा माझा टीव्ही आणायला गेले, तर मालिकेतले तज्ज्ञ एक फुंकवाद्य दाखवत होते. "श्वास न तोडता हे वाजवण्याची कला आता लोपली," म्हणाले.

ह्याने ग्लासातली नळी तोंडात धरली आणि फुंकू लागला. गाल फुगलेले, श्वास नाकाने चालू, बुडबुडे अखंड. जाहिराती आल्या, संपल्या, तरी बुडबुडे थांबेनात.

"तारपा वाजवता?" मी थक्क होऊन विचारलं. वारली नाचात वाजतो तो भोपळ्याचा तारपा असाच अखंड फुंकतात.

"गावाला, उधव्याला."

"मग एकदा इथं ऐकवा ना!"

"नवं भात येईस्तोवर तारपा नाय फुंकत, बाई." त्याने नळी परत ग्लासात ठेवली. "पण तोवर दम मोडून कसं चालेल?"